स्क्रिबलनॉट्स: शब्द बावीस हजार, मग मॅक्सवेल खड्ड्यातच का पडतो?

निळी_दौत

निन्टेंडो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात धरायच्या गेम-यंत्रावरच्या मूळ स्क्रिबलनॉट्स या गेमबद्दल विचारायचं आहे, म्हणजे फिफ्थ सेल कंपनीने २००९ मध्ये काढलेल्या पहिल्याबद्दल. न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: वहीत इंग्रजी नाम लिहायचं, ती वस्तू पडद्यावर हजर होते, आणि तिच्या मदतीने मॅक्सवेल नावाच्या पोराने स्टाराइट नावाची चांदणी मिळवायची. शिडी लिहा, शिडी येते. ड्रॅगन लिहा, ड्रॅगन येतो.

कल्पना भन्नाट आहे, वाद नाही. पण स्टायलस, म्हणजे पडद्यावर टेकवायची लेखणी, हातात घेतला की सगळं बिनसतं. हेलिकॉप्टरला साखळी बांधून एखादी वस्तू दरीपलीकडे न्यायची आहे असं समजा. साखळीच्या टोकावर टॅप करायला गेलं आणि ते केसभर हुकलं, की गेमला वाटतं ‘तिकडे चल’ असं सांगितलंय. मॅक्सवेल इमानदारीत धावत सुटतो, लाव्हात पडतो आणि लेव्हल पहिल्यापासून. लांबचं बघायला डी-पॅडने (दिशेच्या बटणांनी) कॅमेरा सरकवावा, तर काही सेकंदांत तो आपणहून मॅक्सवेलवर परत येतो.

शेवटी प्रत्येक ठिकाणी विंग्ज (पंख), जेटपॅक, रोप (दोर) एवढंच लिहिलं जातं. मग एवढ्या शब्दांचा उपयोग काय? हा दोष कंट्रोल्सचा, लेव्हल्सचा की खेळणाऱ्याचा? हाल कमी होतील असे काही उपाय आहेत का, की सरळ पुढचा भाग, ‘सुपर स्क्रिबलनॉट्स’, घ्यावा? यंत्र डीएस लाइट आहे.

---

सापशिडी

दोष कंट्रोल्सचा. पण ‘कंट्रोल्स वाईट’ म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही, नेमकं काय वाईट आहे ते बघायला हवं.

या गेममध्ये टॅप नावाच्या एकाच क्रियेवर किती कामं लादली आहेत ते मोजा. रिकाम्या जागी टॅप केलं तर चाल किंवा उडी मार. वस्तूवर टॅप केलं तर उचल, बस, वापर. हातात काही असताना दुसऱ्या वस्तूवर टॅप केलं तर हातातलं तिच्यावर वापर किंवा तिला जोड. टेकवून ओढलं तर वस्तू हलव. यातलं कुठलं काम करायचं हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: टोक कुठल्या पिक्सेलवर टेकलं. खालचा पडदा आहे २५६ × १९२ पिक्सेलचा. त्यात दोराचं टोक म्हणजे जेमतेम काही ठिपके. नेम हुकला की गेमने गप्प बसायला हवं होतं. इथे हुकलेला नेम म्हणजे ‘चालायला लाग’ हा हुकूम ठरतो. खरी चूक ही आहे.

आणि बटणं? डी-पॅड कॅमेऱ्याला, ए-बी-एक्स-वाय ही चारही बटणं पुन्हा कॅमेऱ्यालाच. डावखुऱ्यांची सोय म्हणून दोन्हीकडे एकच काम दिलं हे समजू शकतं, पण त्यामुळे चालायला एकही बटण उरलं नाही.

आता तुमचा मधला प्रश्न, सगळे जण विंग्जच का लिहितात. लोकांची कल्पनाशक्ती आटली म्हणून नाही. प्रत्येक शब्दाला टॅपांची किंमत असते. विंग्ज: लिहा, मॅक्सवेलला द्या, जिथे जायचं तिथे टॅप करा, संपलं. वर हुकलेल्या टॅपने मॅक्सवेल पडत नाही, फार तर भलतीकडे उडतो. हेलिकॉप्टर आणि साखळी: दोन वस्तू, दोन नाजूक जोडण्या, मग बसणं, मग उडवणं. दहा-बारा अचूक टॅप, आणि त्यातला एक हुकला तरी मरण. मग माणूस स्वस्त शब्दाकडे वळणारच. शब्दकोश बावीस हजारांचा असला तरी हाताला परवडणारे शब्द वीस-पंचवीसच. कंट्रोल्सनी चाल बिघडवली एवढंच नाही, त्यांनी शब्दकोश कापला.

उपाय, जेवढे आहेत तेवढे:

लेव्हलमध्ये दरी, लाव्हा, पाणी काहीही असेल तर पहिली वस्तू विंग्ज. उडायचं नसलं तरी. विम्यासारखं समजा. त्याने ‘पार’ची, म्हणजे लेव्हलला ठरवून दिलेल्या वस्तूंच्या संख्येतली, एक वस्तू खर्च होते, पण पार ओलांडला म्हणून लेव्हल फसत नाही, बक्षिसाचे ऑलर्स (गेममधले पैसे) थोडे कमी मिळतात इतकंच.

जोडणी करताना साखळीचं एक टोक आधी न हलणाऱ्या वस्तूला, दुसरं टोक नंतर हलणाऱ्याला. उलट केलंत तर हेलिकॉप्टर जरा सरकलं की साखळी झुलते आणि झुलणाऱ्या टोकावर नेम धरावा लागतो. मॅक्सवेलला सगळ्यात शेवटी बसवा. तो आधी बसला की तुमचा प्रत्येक चुकार टॅप म्हणजे ‘हेलिकॉप्टर तिकडे ने’. आणि नवी वस्तू टाकली की ती पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबा. घसरणाऱ्या वस्तूवर टॅप केलं तर टोक टेकेपर्यंत ती पुढे गेलेली असते, मागे उरते रिकामी जागा, आणि रिकामी जागा म्हणजे काय ते वर आलंच.

मुळात दोर लागतोय का हेही बघा. हलक्या वस्तू पुष्कळदा स्टायलसनेच ओढून नेता येतात. कॅमेरा परत येण्यावर मात्र उपाय नाही. लांबचं बघताना डी-पॅड दाबून धरायचा, बस.

---

अर्धविराम

सापशिडी, टॅपांच्या किमतीचा मुद्दा पटला. पण सगळं खापर स्टायलसवर फोडू नका. निम्मा दोष लेव्हल्सचा.

गेममध्ये एकूण २२० लेव्हल्स आहेत: दहा विभाग, प्रत्येकात ११ पझल आणि ११ अ‍ॅक्शन. अ‍ॅक्शनमध्ये स्टाराइट समोरच दिसत असतो, तिथवर पोचायचं. अंतर कापणं हाच प्रश्न असेल तर उत्तर ‘उडणे’ हेच येणार. उद्या बटणांवर लोण्यासारखी चाल दिली तरी विंग्जच लिहिले जातील. उलट जास्तच, कारण उडणं आणखी सोपं होईल.

पझल प्रकारात बघा. पहिल्याच विभागात पोलीस, डॉक्टर, अग्निशामक असे लोक उभे असतात आणि ज्याला-त्याला त्याच्या कामाची वस्तू द्यायची असते. तिथे विंग्ज चालत नाहीत. डॉक्टरला स्टेथोस्कोप द्या, इंजेक्शन द्या. वस्तू ‘वैद्यकीय’ या खणात बसत असेल तर चालते. हा गेम आतून असाच रचलाय. प्रत्येक शब्दामागे गुणांची यादी आहे: वजन किती, जळते का, तरंगते का, कोणाला घाबरते, कोणावर धावून जाते. त्यांच्या त्या व्यवस्थेचं नाव ऑब्जेक्टनॉट. प्रत्येक शब्दासाठी वेगळा प्रोग्राम लिहिलेला नाही, तक्ते भरलेत. म्हणून व्हॅम्पायरपुढे लसूण ठेवण्यासारखी युक्ती कुठल्याही लेव्हलमध्ये करून बघता येते. ती त्या लेव्हलसाठी खास बसवलेली नसते.

याची दुसरी बाजूही आहे. तक्त्यात ज्याला वेगळेपण नाही, तो शब्द नावापुरता वेगळा. कित्येक समानार्थी शब्द एकच चित्र घेऊन येतात. म्हणजे बावीस हजार शब्द म्हणजे बावीस हजार वागणुकी असा हिशोब धरू नका.

खरा गेम हवा असेल तर अ‍ॅडव्हान्स मोड खेळा. एकदा सुटलेली लेव्हल तिथे सलग तीनदा सोडवायची आणि एकदा वापरलेली वस्तू पुन्हा नाही. दोष गेमच्या लोकांनाही दिसला होता, असं यावरून वाटतं. विंग्जला चाप लावायला हा मोड ठेवल्यासारखा आहे. यात क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण पहिल्या फेरीत विंग्ज उडवून मोकळे होतात आणि तिसऱ्या फेरीत साखळीशी झुंजत बसतात. उलट करा. सगळ्यात वेंधळी वस्तू पहिल्या फेरीला, म्हणजे फसलीच तर फारसं काही बुडत नाही. उंचावरचा स्टाराइट असेल तर पहिल्यांदा हेलिकॉप्टर, मग पेगासस (पंखांचा घोडा), आणि हुकमी विंग्ज तिसऱ्यासाठी राखून ठेवा. दोन फेऱ्या कमावलेल्या असताना साखळीच्या टोकावर नेम धरायची वेळ येऊ नये.

---

सापशिडी

अ‍ॅक्शन लेव्हल्सबद्दल मान्य. पण एक उदाहरण माझ्या बाजूचं. २००९ च्या ई-थ्री या व्हिडिओ गेम्सच्या प्रदर्शनात हा गेम पहिल्यांदा गाजला तो एका फोरमवरच्या पोस्टमुळे, क्रमांक २१७. रोबो झॉम्बींशी साध्या शस्त्रांनी निभाव लागेना, म्हणून त्या खेळाडूने टाइम मशीन लिहिलं, डायनासोरांच्या काळात गेला, डायनासोरवर बसून परत आला आणि झॉम्बींना तुडवलं. लोक वेडे झाले.

आता यात टॅप किती ते मोजा. टाइम मशीन, मोठी वस्तू, आत शिर. डायनासोर, भलीमोठी वस्तू, वर बस. एकही जोडणी नाही, एकही बारीक नेम नाही. स्वातंत्र्याचं हे सगळ्यात गाजलेलं उदाहरण कंट्रोल्सच्या सगळ्यात सोप्या वाटेने गेलेलं आहे. तोच पराक्रम दोराने डायनासोर बांधून आणायचा असता तर ती पोस्ट शिव्यांची झाली असती.

---

टोकदार

सुपर घ्यावा का, याचं उत्तर कोणीच दिलं नाही म्हणून लिहितो.

सुपर स्क्रिबलनॉट्स आला ऑक्टोबर २०१० मध्ये, डीएसवरच. दोन मोठे बदल. पहिला, डी-पॅडने मॅक्सवेल चालवायचा पर्याय. हे निवडलं की रिकाम्या जागी टॅप म्हणजे मरण ही भानगड संपते, स्टायलस फक्त वस्तूंसाठी उरतो. वर सापशिडी म्हणताहेत तो मूळ दोष इथे मिटतो. मिटत नाही ते दोर-साखळीचं. बारीक टोकावरचा नेम तसाच राहतो, फक्त हुकल्याची शिक्षा गेली.

दुसरा बदल विशेषणांचा, आणि माझ्या मते कंट्रोल्सना खरा आधार त्यानेच दिला. ‘फ्लाइंग कार’ लिहिलं की उडणारी गाडी. म्हणजे जोडणीचं काम हाताकडून शब्दाकडे गेलं. पहिल्या भागात जे दहा टॅपांनी घडवायचं, ते इथे एका विशेषणाने घडतं. ‘टायनी’ लावा, वस्तू चिमुकली. ‘विंग्ड’ लावा, डुकरालाही पंख. मर्यादा एकच: विशेषण वस्तू बनवतानाच लावायचं. लेव्हलमध्ये आधीच उभ्या असलेल्या वस्तूला लावता येत नाही. ती सोय २०१२ च्या ‘अनलिमिटेड’ या पुढच्या भागात आली.

पण फुकट काहीच नाही. सुपरमधली बरीच कोडी विशेषण घातल्याशिवाय सुटतच नाहीत. लेव्हल बनवणाऱ्याच्या मनात एका विशिष्ट गुणाची वस्तू असते आणि आपण ती ओळखायची. पहिल्या भागात ‘काहीही कर’ होतं, इथे ‘माझ्या मनातलं सांग’ असं वाटत राहतं. अडलात तर ऑलर्स देऊन सूचना विकत मिळते, यावरूनच काय ते समजा. अनलिमिटेडमध्ये तर हात पूर्ण मोकळा झाला आणि कोडंच हरवलं: समोरचा माणूस म्हणतो भूक लागली, आपण सँडविच द्यायचं, स्टाराइटचा तुकडा खिशात.

तेव्हा निळी_दौत, डोक्याला खाद्य हवं आणि राग आवरता येत असेल तर पहिला, अ‍ॅडव्हान्स मोडसह. सुखाने खेळायचं असेल तर सुपर. अनलिमिटेड घरात लहान मूल असेल तर, आणि घेतलाच तर थ्रीडीएसवरचा (डीएसनंतरच्या यंत्रावरचा) घेऊ नका. स्वतः वस्तू घडवायची सोय (एडिटर) त्यात नाही, पीसीवर आहे.

---

स्क्रू_नंबर_चार

सगळे गेमबद्दल बोलताहेत, यंत्राबद्दल कोणी नाही. डीएस लाइटवर निम्मे चुकार टॅप पडद्याचे असतात.

डीएसचा टचस्क्रीन दाबावर चालतो: वरचा पातळ थर खालच्या काचेला टेकतो आणि कुठे टेकला त्यावरून जागा ठरते. जुन्या यंत्रात दोन गोष्टी बिघडतात. एक, चौकट आणि थर यांच्यामधल्या फटीत धूळ जाऊन बसते आणि कडेला सतत हलका दाब राहतो. मग टॅप कडेकडे ओढला जातो. यंत्र बंद करून, चिकटपट्टीची कड त्या फटीतून चारही बाजूंनी हळूच फिरवा, काय निघतं बघा. टाचणी नको, थर फाटतो. दोन, मापन (कॅलिब्रेशन) सरकलेलं असतं. मुख्य मेनूतून सेटिंग्जमध्ये जा, टचस्क्रीनच्या मापनाचा पर्याय घ्या आणि दिसणाऱ्या खुणांवर स्टायलस सरळ उभा धरून टेकवा. खेळताना ज्या कोनात धरता त्याच कोनात मापन करा असंही काही जण सांगतात, आणि या गेमपुरतं ते जास्त बरं. नेम तुमच्या हाताचा हवा, पट्टीचा नको. पडद्यावर फुगे आलेला प्लास्टिकचा संरक्षक कागद असेल तर आधी तो काढा. फुग्यावर टेकवलेलं टोक शेजारी उमटतं.

आता आकार. डीएस लाइटचा पडदा ३ इंच, डीएसआय एक्सएल या मोठ्या पडद्याच्या डीएसचा ४.२ इंच. ठिपके दोन्हीकडे तेवढेच, २५६ × १९२. कर्णावर ३२० ठिपके येतात, म्हणजे लाइटवर एक ठिपका सुमारे ०.२४ मिमी आणि एक्सएलवर ०.३३ मिमी. साखळीचं टोक समजा सहा ठिपक्यांचं धरलं तर लाइटवर दीड मिमीच्याही आत, एक्सएलवर दोन मिमी. ऐकायला क्षुल्लक, पण स्टायलसचं टोकच साधारण एवढं असतं. एक्सएलसोबत पेनाएवढा जाड स्टायलस येतो, त्याने हातही कमी थरथरतो.

थ्रीडीएसवर खेळणाऱ्यांना एक सूचना. डीएसचा गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरलं की चित्र मूळ ठिपक्यांत, रेखीव दिसतं, आणि सगळीकडे तसं करायचा सल्ला दिला जातो. या गेमला ते करू नका. चित्र ८० टक्क्यांवर येतं, म्हणजे नेमाची जागा आणखी लहान. थोडं धूसर दिसलं तरी ताणलेलंच बरं.

---

कंस_बंद

मुद्दा जरा बाजूचा. असा गेम मराठीत आला तर? ‘पान’ लिहिलं की झाडाचं येईल, वहीचं की चुना-कात लावलेलं? पहिल्या भागातसुद्धा एका शब्दाचे दोन अर्थ असले, जसं बॅट म्हणजे वटवाघूळ की फळी, तर गेम विचारतो कुठलं हवं. तेवढं जमेल. सुपरची खरी कसरत विशेषणांची. इंग्रजीत ‘बिग’ एकदाच भरलं की काम झालं. आपल्याकडे मोठा हत्ती, मोठी गाय, मोठं वासरू, आणि कोणी ‘मोठी हत्ती’ लिहिलं तर हत्तीण द्यायची की चूक दाखवायची?

इंग्रजीत स्पेलिंग चुकलं तर गेम जवळचे शब्द सुचवतो, हे मात्र सांगायला हवं. मुलांना खेळायला देताना त्याचा मोठा उपयोग आहे. हाताने लिहून अक्षर ओळखून घ्यायची सोयही आहे, पण लांब शब्दाला पडद्यावरचा कीबोर्डच वापरा.

---

निळी_दौत

सगळ्यांचे आभार. चिकटपट्टी फिरवली, राखाडी लोकर निघाली. मापनही करून घेतलं. आता हुकणं कमी आहे, पण कॅमेरा आहे तसाच.

दोन शंका. सुपरचं जुनं कार्ट्रिज अमेरिकेहून मागवलं तर लाइटवर चालेल ना? आणि सापशिडींचा विंग्जचा विमा अ‍ॅडव्हान्स मोडमध्ये कसा चालायचा? तिथे तर ते एकदाच वापरता येतात.

---

टोकदार

चालेल. डीएसच्या कार्ट्रिजना प्रदेशाचं कुलूप नाही. खेळाच्या नोंदी (सेव्ह) कार्ट्रिजमध्येच राहतात, त्यामुळे आधीच्या मालकाची प्रगती तशीच येईल. पहिल्यापासून खेळायचं असेल तर ती पुसून सुरुवात करा.

---

सापशिडी

बरोबर पकडलंत, तिथे तो विमा एकाच फेरीपुरता. म्हणून अर्धविराम यांच्या क्रमात छोटी दुरुस्ती: विंग्ज तिसऱ्या फेरीलाच ठेवा, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत उडणाऱ्या वस्तूऐवजी खड्डाच बुजवा किंवा झाका. लहान दरीवर ब्रिज आडवा टाकला की टॅप हुकला तरी मॅक्सवेल पुलावरच उभा राहतो. दुसऱ्या फेरीला त्याच जागी एखादी दुसरी लांब, जड वस्तू. ती टाकताना दोन्ही टोकं काठावर नीट टेकली आहेत का ते बघा. एक टोक अधांतरी असेल तर मॅक्सवेल मध्यावर पोचेपर्यंत ती कलते. आणि एका वेळी किती वस्तू ठेवता येतात ते दाखवणारा मीटर भरत आला असेल तर जुन्या वस्तू कचऱ्यात टाकून मगच पूल लिहा, नाहीतर ऐनवेळी वस्तूच येत नाही.